सोळा बायकांचे सोळा प्रकार

सानगडीत त्या आठवड्यात सुट्टीवर आलेल्या अश्विनइतका खूश माणूस दुसरा नव्हता. नागपूरच्या त्याच्या कंपनीने त्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि वर सर्टिफिकेट दिलं होतं आणि माणसाचा स्वभाव कागदावर कसा पकडायचा, हे तो शिकून आला होता. त्यात वडिलांचा, भैय्यालालचा, पाय मुरगळला आणि चार एकरांची धानाची रोवणी त्याच्या हाती आली. दिवस दोनच होते. तिसऱ्या दिवशी रुखमाबाईची सोळा बायकांची टोळी मारोतरावाच्या शेतात जाणार होती. तोवर रोवणी उरकली नाही तर परहे, म्हणजे धानाची रोपं, वाफ्यातच वाढून वाया जाणार.

"बाबा, तुमी पडून राहा," अश्विन म्हणाला. "मी दीड दिवसात उरकवतो."

सोळा बायका, आणि शास्त्रात माणसांचे प्रकारही सोळाच! या योगायोगाने त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

सकाळी बांधावर उभं राहून त्याने आधी या विद्येचा इतिहास सांगितला. जुन्या ग्रीक वैद्यांनी अंगातल्या चार रसांवरून चार स्वभाव पाडले. शंभरेक वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडच्या एका डॉक्टरने सांगितलं की काहींचं मन आत वळतं, काहींचं बाहेर. त्याच सुमारास अमेरिकेत एका बाईला आपला होणारा जावई काही केल्या समजेना, म्हणून तिने माणसांचे प्रकार मांडायला घेतले. पुढे मायलेकींनी मिळून प्रश्नपत्रिका केली आणि आता ती जगभरच्या कचेऱ्यांत चालते.

"जावई समजाले एवढा कागद?" रुखमाबाई म्हणाली. "आमी त्याले एक दिवस रोवणीले उभा करतो."

बायका हसल्या. नव्या विचाराला लोक आधी हसतातच, म्हणून अश्विननेही हसून घेतलं आणि पहिला प्रश्न टाकला: गर्दीत तुम्हाला उत्साह वाटतो की थकवा येतो? पंधरा जणींनी रुखमाबाईकडे पाहिलं. ती म्हणाली उत्साह, सगळ्या म्हणाल्या उत्साह. पाच प्रश्न झाले तरी तेच. सोळा जणींचा मिळून प्रकार एकच! शेवटी एकेकीला मोटारघरामागे बोलावून त्याने वेगवेगळं विचारलं. तोवर उन्हं चांगलीच चढली होती.

पण निष्कर्ष काय देखणा निघाला! आठ अंतर्मुख, आठ बहिर्मुख. अंतर्मुखांना शांतता मिळाली की काम दुप्पट होतं, असं प्रशिक्षणातल्या साहेबांनी सांगितलं होतं. त्याने अबोल आठ जणींना कालव्याकडच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, धाडलं, बोलक्यांना रस्त्याकडच्या, आणि शीळ घालत घरी जेवायला गेला.

तासाभराने परतला तर अबोलांच्या बांधीतलं खिदळणं रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. आठही जणी चिखलात उभ्या राहून पोट धरून हसत होत्या आणि परह्यांच्या पेंढ्या पाण्यात तशाच पडल्या होत्या. बोलक्यांकडे मात्र सामसूम. त्या आठही बांधावर बसून, कंबर चोळत, कान पलीकडे लावून होत्या.

"मावशी, हे काय होऊन राहिलं?"

"तुमीच तं सासवा अलग केल्या न् सुना अलग," रुखमाबाई म्हणाली.

अश्विनने यादी पाहिली आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. मालकाच्या तरण्या पोराने मोटारघरामागे विचारलं की अनोळखी माणसाशी बोलायला आवडतं का, तर घरंदाज सून काय सांगणार? नाही बा! सासवांना लाजायचं कारणच नव्हतं. रोवणीला कंबर लागते सुनेची आणि जरब सासूची. ती जोडीच त्याने मोडली होती.

त्याने घाईघाईने सगळ्यांना एकत्र केलं, पण सुना कशाला हसल्या हे कळल्याशिवाय सासवा वाकायला तयार होईनात. त्या चौकशीत पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी बायकांनी जीव तोडून काम केलं, तरी संध्याकाळी रस्त्याकडची अर्धा एकर जमीन उरलीच. अश्विनने हात जोडले. रुखमाबाईलाही वाईट वाटलं, पण मारोतरावाला शब्द दिला होता.

तिसऱ्या दिवशी भैय्यालाल लंगडत बांधावर आला आणि खुर्ची टाकून बसला. "उतर," एवढंच म्हणाला.

अश्विनने सुट्टी वाढवली आणि चार दिवस वाकून ती अर्धा एकर एकट्याने रोवली. धान मात्र वाचलं. ओळ अशी नव्हतीच. कुठे झुबका, कुठे टक्कल. पुढे साकोलीच्या बसमधले लोक खिडकीतून मान काढून पाहायचे, आणि कोणी थांबून विचारलंच तर भैय्यालाल अभिमानाने सांगायचा, "ते आमच्या अश्विनचं सर्टिफिकेट होय. दिवाळीत धान कापेपर्यंत तं लागूनच राहीन."