दगडूनानांचा पहारा

बकरीच्या तोंडाचा वास घेऊन तिच्यावर चोरीचा आळ घेणारा माणूस मी एकच पाहिला: आमचे शेजारी दगडूनाना. जन्म खानदेशातला, हयात गेली सुरतेत, कापडाच्या लूमवर, आता घरीच असतात. आमच्या बमरोलीच्या बिल्डिंगमागे एक पडीक, खारवट तुकडा आहे. पावसाचं पाणी तिथून दिवाळीपर्यंत हलत नाही. हललं की मातीवर मिठाची पांढरी पापडी धरते आणि थंडीत बोटभर उंचीची, चिमुकल्या गुलाबी फुलांची रोपटी उगवतात. नाना त्यांना 'कडवी' म्हणतात. ऊन तापलं की ती वाळून नाहीशी होतात.

तोवर नानांचा पहारा. पोरं कटलेला पतंग शोधायला आली, की "पतंगना ते बहाना शे!" मी नुसता गॅलरीत उभा राहिलो तरी खालून आवाज, "भाऊ, काय देखी ऱ्हायनात?" आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीवर एकच शेरा: "यामा काहीतरी शे."

संशयात मीही कमी नाही, बँकेतला माणूस. समोर बसून केलेली सहीसुद्धा दोनदा बघतो. नाना रोज शालीखाली झाडपाला लपवून आणायचे, दुकानातून गूळ घ्यायचे आणि दार लावायचे. मग जिनाभर उग्र वास. गूळ, झाडपाला, बंद दार आणि वर गुजरातची दारूबंदी! मी बायकोला म्हटलं, "यामा काहीतरी शे."

एका संध्याकाळी विरजणाचं निमित्त करून मी त्यांचं दार ढकललं. आत खाटेवर नानी. आजारातून उठल्यापासून ती कुणाशी बोलत नाही, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक. भूक लागावी म्हणून नाना तिला वाटीतून कडवीचा काढा पाजत होते. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि नानी चक्क बोलली, "आयकतस का, गूळ टाका ना!"

जन्मात नवऱ्याचं नाव न घेतलेल्या बाईची ती हाक. नानांनी मूठ उघडली. गुळाचा खडा तयारच होता.

"अहो नाना, मग आधीच का नाही टाकत?"

नानांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं, मग दाराकडे. हळूच म्हणाले, "पहिलेच टाकी दिधा, ते ती माले हाक कसाले मारी?"

मी तसाच घरी परतलो. विरजण मागायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी कडवीच्या तुकड्यावर स्कूटर लावत होता. नानांच्या आधी मीच गॅलरीतून ओरडलो.