एक माणूस कमी

गर्दी कशी टाळायची हे माझ्याकडून शिकावं. एकतीस वर्षं मी लिफ्टची दुरुस्ती केली. सहा माणसांच्या पेटीत नऊ माणसं घुसली की काय होतं, हे मी बाहेरून पाहिलंय आणि आत अडकूनही पाहिलंय. त्यामुळे बेटावर जायची माझी योजना पक्की होती. धक्क्यावर उतरलं की सगळे पर्यटक डावीकडे जातात, गुहा बघायला. आपण उजवीकडे वळायचं आणि टेकडी ओलांडून मागच्या किनाऱ्यावर उतरायचं. तिथल्या खडकाला भोकं आहेत. भरती चढू लागली की त्यांतून पुरुषभर उंच पाणी उडतं. वर कड्यावर पक्ष्यांची घरटी, आणि खाली माणूस एक नाही!

खरं तर ही योजना बायकोची. गर्दीत समुद्र दिसत नाही, लोकांच्या पाठी दिसतात, असं ती म्हणायची. दर वर्षी आमचं जायचं ठरायचं आणि दर वर्षी कुठलीतरी लिफ्ट अडकायची. मग मी निवृत्त झालो, आणि त्याच वर्षी ती वारली.

हे मी इथे कागदावर लिहिलं. तोंडाने मात्र अकरा महिन्यांत एकदाही म्हटलं नव्हतं. नातेवाइकांना मुलीने कळवलं, गल्लीत शेजाऱ्यांनी सांगितलं. ज्यांना कोणीच सांगितलं नाही त्यांना मी ‘बरी आहे’ म्हणत आलो. इस्त्रीवाला अजून तिची चौकशी करतो. मी त्याला ‘सांगतो हं तिला’ म्हणतो आणि कपडे घेऊन सटकतो. म्हणूनच मला माणसं नसलेली जागा हवी होती. तिथे विचारणार कोण?

दुपारपर्यंत सगळं योजनेबरहुकूम झालं. खडकावर बसलो, डबा उघडला, पाणी उडायला लागलं. कोणी नाही म्हटल्यावर मी तिच्याशी मोठ्यानेच बोलू लागलो. बघ, आता त्या दुसऱ्या भोकातून येईल. बघ, आलं की नाही? सरक, भिजशील. असा दोन तास बोललो. घरी एवढं कधी बोललो असेन असं वाटत नाही. कड्यावर एक बाई दुर्बीण लावून बसल्या होत्या, पण त्यांचं लक्ष पक्ष्यांकडे होतं, असं मला वाटलं.

चार वाजता धक्क्यावर आलो तर लाँचवाला माणसं मोजत होता. पूर्वी कधीतरी तो एका प्रवाशाला बेटावर विसरून परतला होता. तेव्हापासून सकाळी फाडलेली तिकिटं आणि परतीची डोकी जुळल्याशिवाय तो इंजिनाला हात लावत नाही. तिकिटं एकेचाळीस, डोकी चाळीस. तीनदा मोजलं, तरी चाळीसच.

लोक कुरकुरू लागले. सगळ्यांत जास्त मी कुरकुरलो. काही माणसांना दुसऱ्याच्या वेळेची पर्वाच नसते, असं मी चारचौघांना ऐकवलं. वर हेही सांगितलं, की मागचा किनारा मला पाठ आहे, चला, मी दाखवतो. झालं! जी वाट मी गर्दी टाळायला शोधली होती, तिच्यावरून मी पंचवीस माणसांचा पुढारी होऊन निघालो. एक लाल टोपीवाला तर हौसेने टेकडीच्या पार माथ्यावर पळाला.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा आमच्याबरोबर आलेल्या त्या दुर्बीणवाल्या बाई म्हणाल्या, “काका, तुमच्या मिसेस कुठे आहेत? दुपारी इथेच होत्या ना?”

पंचवीस माना माझ्याकडे वळल्या. लाँचवाल्याने विचारलं, तिकिटं किती काढली होती? मी खिशात हात घातला. दोन फाडलेली तिकिटं निघाली. लग्न झाल्यापासून चौतीस वर्षं कुठल्याही खिडकीवर तोंडातून ‘दोन’ निघत आलं होतं. सकाळीही निघालं असणार, मला पत्ताच नाही.

तेव्हाच सांगून मोकळं व्हायचं. पण मी आपला रोजचा मार्ग धरला. म्हटलं, “ती घरी आहे.”

“दुपारी इथे आणि आता घरी? पोहत गेल्या?” लाँचवाला म्हणाला. मग त्याने आधी समुद्राकडे पाहिलं आणि नंतर माझ्या हातांकडे. एकाने हळूच विचारलं, काही भांडण वगैरे झालं का. दुसऱ्याने पोलिसांचा विषय काढला. दोघे जण ओणवे होऊन खडकाच्या भोकांत डोकावू लागले. एकाने तर माथ्यावरच्या टोपीवाल्याला ओरडून कळवलं, काकू हरवल्यात! तोवर लाँचवाल्याने शर्ट काढला आणि तो गुडघाभर पाण्यात उतरला. लाट त्याच्या कमरेवर आपटत होती.

“अहो, उतरू नका,” मी म्हणालो. “ती वारली. अकरा महिने झाले. तिकिटं मी सवयीने दोन घेतली.”

 तेवढ्यात भोकातून पाणी उडालं आणि आम्ही सगळे भिजलो, तरी कोणी जागचं हललं नाही. लाँचवाला बाहेर आला, त्याने शर्ट घातला. परत जाताना कोणीतरी माझी पिशवी घेतली. तिच्यात रिकाम्या डब्याशिवाय काही नव्हतं, पण मी घेऊ दिली.

धक्क्यावर लाँचवाल्याने एकेचाळीसचे चाळीस केले आणि पुन्हा डोकी मोजली. एकोणचाळीस.

तेव्हा टेकडीवरून आवाज आला. “काकूऽऽ! ओ काकूऽऽ!” टोपीवाला होता. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

त्याला लगेच कोणी थांबवलं नाही. मीही नाही. इतक्या महिन्यांत तिला कोणी हाक मारली नव्हती. मी चांगल्या चार-पाच हाका ऐकल्या. मग लाँचवाला निघाला, त्याला म्हटलं, थांबा, मी जातो.

चढताना धाप लागली. टोपीवाल्याचा घसा पार बसला होता. मी त्याला सांगितलं. तो दगडावर बसला आणि त्याने टोपी काढून घाम पुसला.

“काका,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “हे आधी सांगायचं ना.”

“हो,” मी म्हटलं, “जरा उशीरच झाला.”