तिसरी सावली आणि व्याह्यांची वेल

माणूस निवृत्त झाला की त्याच्याजवळ दोनच गोष्टी वाढत जातात: वेळ आणि मतं. पैकी वेळ कुणी मागत नाही आणि मतं कुणी विचारत नाही. हा अपव्यय टाळण्यासाठी मी वाइन परिचय वर्गात नाव घातलं. आयुष्यभर लोकांच्या ढोंगावर लिहून पोट भरलं. म्हटलं, म्हातारपणी आपणही एखादं ढोंग नीट शिकून घ्यावं.

वर्ग अत्यंत शास्त्रशुद्ध होता. पहिल्याच दिवशी कळलं की द्राक्षाच्या वेलीला लाडावून चालत नाही. सुपीक माती आणि भरपूर पाणी दिलं की ती नुसती पानं काढत बसते. जरा हाल केले की फळात गोडी उतरते. (हाच सिद्धांत वडिलांनी माझ्यावर वापरला होता. फळाबद्दल मतभेद आहेत.) काळ्या द्राक्षांचाही रस बहुतेक पांढुरकाच निघतो, लाल रंग सालीचा. म्हणजे जे वरवरचं, त्यालाच मान. लेखन-व्यवसायामुळे हे मला आधीच ठाऊक होतं. पुढे यीस्ट रसातली साखर खातं, तिची दारू करतं आणि शेवटी स्वतःच केलेल्या दारूत मरतं. आमचे एक संपादक असेच गेले.

मग परिभाषा. तोंड कोरडं पडलं की ते टॅनिन. घोट संपल्यावर चव जितका वेळ रेंगाळते तो शेवट. पेला फिरवल्यावर काचेवरून ओघळ उतरतात ते अश्रू. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरला की मध्ये गडद छटा, कडेला फिकी आणि त्यापलीकडे पुसटशी पडते ती तिसरी सावली. ती फक्त खानदानी वाइनला असते. शेवटी घोट तोंडात घोळवून बादलीत थुंकायचा. गिळतो तो गिऱ्हाईक, थुंकतो तो जाणकार.

महिन्याभरात मी इतका जाणकार झालो की घरात चहा मिळेना. "टॅनिन जरा जास्त आहे, पण शेवट लांब," असं म्हटल्यावर बायको म्हणाली, "कप विसळून ठेवा. शेवट तिथेच येतो."

अशा अवस्थेत व्याह्यांचं बोलावणं आलं. मुलीचे सासरे म्हणजे जन्मभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढलेला अबोल माणूस. गच्चीवर पिंपात लावलेल्या वेलीला पाच वर्षांनी पुरेशी द्राक्षं आली, तेव्हा त्यांनी हौसेनं घरीच वाइन केली. जेमतेम चार बाटल्या. पहिली माझ्यासाठी न उघडता ठेवली होती.

"तुम्ही शिकून आलात. तुम्हीच सांगा," ते म्हणाले, आणि हात पुसत उभे राहिले.

मी पेला फिरवला, हुंगला, घोट घोळवला आणि बादली नसल्यामुळे वेलीच्याच पिंपात थुंकलो. मग पेला कागदावर तिरपा धरून खेदानं म्हणालो, "तिसरी सावली पडत नाही."

व्याह्यांनी चष्मा पुसला. दुकानातलं जुनं भिंग आणलं. बराच वेळ पाहून म्हणाले, "मला दोनच दिसतात."

"दोनच आहेत," मी म्हणालो.

आठवड्यानं मुलीचा फोन आला. "बाबा, आमच्याकडचे बाबा करवत घेऊन गच्चीवर चाललेत! म्हणतात, जिला सावली नाही ती वेल ठेवायची कशाला? तुम्ही काय बोलून बसलात त्यांना?"

मी धापा टाकत गच्ची गाठली. व्याही पिंपाजवळ उकिडवे बसले होते. करवतीचे दात बुंध्याला टेकलेले.

"व्याहीबुवा, थांबा! तिसरी सावली म्हणून काही नसतंच. ऐन वेळी वर्गातला एकही शब्द आठवेना, म्हणून मी ती जागच्या जागी बनवली."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझं मन राखायला खोटं बोलू नका. शेजारच्या डॉक्टरांनाही दाखवली. त्यांना माझ्या वाइनमध्ये दिसली नाही. त्यांच्याकडच्या महागड्या बाटलीत मात्र स्वच्छ दिसली."

खोट्याला डॉक्टरांचा दाखला होता. खऱ्याला फक्त माझा. मी तीच उघडी बाटली मागितली, पेला भरला आणि (वर्गात नाव घातल्यापासून प्रथमच) घोट गिळला. आंबट होती. ओठ आवळले गेले. तरी पेला रिकामा झाल्यावर हात आपसूक पुढे गेला.

"अजून आहे का?"

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पिंपाकडे. "थुंकला नाहीत?"

"विसरलो."

त्यांनी करवत खाली ठेवली आणि दुसरी बाटली आणायला उठले.

वेल शाबूत आहे. वर्गातल्या गुरुजींना मी भीत भीत तिसऱ्या सावलीबद्दल विचारलं, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "तो विषय प्रगत वर्गात घेतो." तुम्ही हसाल. पण वरच्या परिभाषेत, अश्रूंच्या पाठोपाठ मी ती हळूच सरकवली, तेव्हा तुम्ही कुठे अडखळलात? मान डोलावून पुढे गेलात.

प्रगत वर्गात अजून जागा आहेत.