नवशा मिस्त्री आणि आमची वाकडी जमीन

नवशा मिस्त्री कुणाच्याही घरात शिरला की आधी खिशातून कच्चा चिकू काढतो आणि जमिनीवर सोडतो. रामराम वगैरे नंतर. चिकू जाईल तिकडे नवशा गुडघ्यांवर रांगत जातो आणि घरची माणसं पाय वर घेऊन बसतात. घोलवडच्या वाड्यांत गळून पडलेले चिकू तो स्वतः निवडून आणतो. लांबट नको, टोकाचा नको, दगडासारखा कडक हवा. मी एकदा म्हटलं, "अरे, गोटी वापर की. ती जास्त गोल."

"गोटी उतावळी, तांडेल. जरा उतार दिसला का सुटली. चिकू जड माणूस हाय. खात्री पटल्याबिगर हलत नाय."

चिकूला माणूस म्हणणारा हा गृहस्थ तलासरीकडच्या एका पाड्यावर राहतो आणि डहाणूपासून चारोटीपर्यंत लोकांच्या जमिनी सपाट करत फिरतो. टाइल बसवणारे पुष्कळ आहेत. टाइलच्या आधी जमीन नीट करणारा आपण एकटेच, असं त्याचं म्हणणं. चेहरे त्याच्या लक्षात राहत नाहीत. मी होडीचा म्होरक्या होतो म्हणून मला तांडेल म्हणतो, पण बाजारात समोर उभा राहिलो तरी ओळख देत नाही. पण "मोरीकडे उलटा उतार" एवढं म्हटलं की लगेच, "अरे तांडेल, तुमी!"

डहाणू रोडला एका लग्नात त्याने भलताच घोळ घातला. हॉल नवा होता, त्याला राहवलं नाही. चिकू सोडला, तो थेट स्टेजखाली गेला, मागोमाग नवशा. वर मंगलाष्टकं चाललेली. नवरीच्या मामाला स्टेजखालून बाहेर आलेले दोन पाय दिसले. त्याने ते धरून ओढले. चोर चोर म्हणून गर्दी जमली. नवशा धूळ झटकत उठला आणि म्हणाला, "नवरदेव अर्धा इंच खाली उभा हाय. बाकी तुमची मर्जी." मामाने त्याला शिव्या दिल्या, पण मग गुपचूप जाऊन नवरदेवाच्या पाटाखाली पुठ्ठा सारला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता माझ्या स्वयंपाकघराचं सांगतो. मी चौथीपर्यंत शिकलो, पुढची शाळा होडीवर. चाळीस वर्षं हलत्या फळीवर उभा राहिलेला माणूस मी, मला उलट सपाट रस्त्यावर चक्कर यायची. घरची जमीन वाकडी आहे हे मला कधी जाणवलंच नाही. जाणवायचं ते जमनाला, माझ्या बायकोला. बापाने अर्ध्या भागात फरशी घातली होती, एका चांगल्या हंगामात मी उरलेल्यात कोबा केला, आणि मोरी हलवली तेव्हा तिसरा तुकडा पडला. तिघांची तोंडं तीन दिशांना. जमना शेगडीच्या पायाखाली लाकडाची चीप घालायची आणि म्हणायची, "तुमची होडी असेल, माझं स्वयंपाकघर आहे." मी म्हणायचो, "पुढच्या हंगामात बघू." असे किती हंगाम गेले, देव जाणे. मागच्या वर्षी ती गेली.

तेराव्याला पंगत स्वयंपाकघरातच बसली. मुलीचे सासरे, म्हणजे आमचे व्याही, उताराच्या टोकाला. त्यांच्या पत्रावळीवर वरण वाढलं. ते भाताला वळसा घालून निघालं आणि थेट त्यांच्या धोतरात गेलं. मला हसू फुटलं. बायकोच्या तेराव्याला! हसता हसता मग असं रडू आलं, की व्याही धोतर पुसायचं सोडून मला धरायला धावले. तेव्हाच ठरवलं, वर्षश्राद्धाला हिची पंगत सपाट जमिनीवर बसली पाहिजे. जिवंतपणी दिलं नाही, आता तरी.

श्राद्धाला दहा दिवस राहिले तेव्हा मी चारोटीला टाइलच्या दुकानात गेलो. मालक म्हणाला, "आजोबा, आहे त्याच्यावरच चिकटवा. एका दिवसात काम." कोपऱ्यात सिमेंटच्या पोत्यावर बसलेला नवशा तिथूनच ओरडला, "वाकड्या खाटेवर नवी चादर टाकली का खाट सरळ होते काय?" मालकाने कपाळावर हात मारला. मी नवशाला घेऊनच घरी आलो.

चिकू दारात ठेवला. तो शेगडीकडे गेला, तिथे अडखळला, वळला, मोरीकडे निघाला, मन बदललं, आणि मांडणीखाली जाऊन बसला. नवशाचा चेहरा फुलला. पोराला पहिला दात यावा तसा.

"तांडेल, ही जमीन नाय. हा सगळा तालुका हाय!"

मग लांब लाकडी पट्टी घेऊन तो सगळीकडे टेकवत सुटला. पट्टी जिथे डोलली तिथे खडूने गोल, जिथे खालून उजेड दिसला तिथे फुली. शेगडीजवळच्या उंचवट्याला त्याने महालक्ष्मीचा डोंगर नाव दिलं, मोरीजवळच्या खळग्याला डहाणूची खाडी. नंतर लोखंडी सळीने ठोकत कान लावून बसला. "इथली पोकळ बोलते. थापाडी हाय, काढायला लागेल."

दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडी घेऊन त्याने अख्ख्या जमिनीला टाचे मारून बारीक खळगे पाडले. देवी आलेल्या माणसाच्या तोंडासारखी दिसायला लागली. मी ओरडलो, "सपाट करायला बोलावलं का फोडायला?"

"नवा माल जुन्याला धरला पायजे ना? गुळगुळीत माणसाला कोण चिकटतो, सांगा."

"लवकर आटप. श्राद्ध आलंय."

"घाई असेल तर चटई घाला."

असा उद्धट. तरी मी ऐकून घेतलं, कारण मी पण तसाच.

झाडझूड झाली, पाण्याने धुणं झालं. मग त्याने पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी आणली. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. दोन्हीकडचं पाणी जिथे थांबेल तिथे भिंतीवर खूण करायची. ज्या हाताने मी खलाशांना हुकूम दिले तो हात आता भिंतीला चिकटवून उभा. "तांडेल, अंगठा काढा. तांडेल, हलू नका. तांडेल, श्वास कमी घ्या."

"मेलो तर घेणारच नाही," मी म्हटलं.

"खूण झाल्यावर मरा. पाणी खोटं बोलत नाय."

"मी आयुष्यभर पाण्यावर काढलं. ते किती खोटं बोलतं ते मला विचार!"

पण खुणा त्याच्या बरोबर निघाल्या. चार खुणांना दोऱ्या बांधल्या, तेव्हा पहिल्यांदा मला दिसलं की माझी बायको कसल्या चढउतारावर स्वयंपाक करत होती. शेगडीपासून मोरीपर्यंत चार बोटांचा फरक. नवशाने सिमेंटचं पाणी शिंपडलं, अर्ध्या भागात माल टाकला, पट्टीने ओढला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी आलाच नाही. फोन लागेना. श्राद्धाला चार दिवस, अर्धं स्वयंपाकघर उंच आणि अर्धं खड्ड्यात. मी चारोटीला जाऊन तलासरीची जीप पकडली. रस्ताभर शिव्या जुळवत होतो. शेजारी बसलेल्या बाईने दोन वेळा विचारलं, "काका, बरं वाटत नाय का?"

पाड्यावर त्याचं घर सापडलं. आत पाऊल टाकलं आणि ठेच लागली. शेणाने सारवलेली मातीची जमीन. माझ्या घरापेक्षा वाईट! इथे उंच, तिथे खोल, मधेच एक लांब वरंबा. आणि नवशा चुलीपाशी गुडघ्यांवर बसून ओल्या मातीचा आणखी एक उंचवटा थापत होता.

"हरामखोरा, माझी जमीन अर्धी टाकून इथे डोंगर बांधतोस?"

तो थापतच राहिला. मागच्या दारातून त्याची बायको आली, मंगली. डाव्या पायाला फडकं बांधलेलं. तिची नजर माझ्यावरून गेली आणि भिंतीवर थांबली. तिला दिसत नव्हतं. पण चालली अशी, की कुठे हात लावावा लागला नाही. पायाच्या बोटांनी वरंबा चाचपला, उजवीकडे वळली, खळग्याशी थांबली, तिथल्या हंड्यातून पाणी घेऊन मला दिलं.

"वरंबा लागला का दार डाव्या हाताला," तिने सांगितलं. "चुलीपुढचा उंचवटा झिजून गेला व्हता, काका. परवा पाय निखाऱ्यात गेला."

मग तिने ओल्या मातीवर हलकेच अंगठा टेकवला. "अजून थोडा. नि इकडे उतरता कर."

ज्या माणसाने नवरदेवाचा अर्धा इंच सोडला नाही, तो "हां, हां" म्हणत माती उतरती करत होता. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "डहाणूत कुणाला सांगू नका, तांडेल. धंदा बसेल."

मंगलीने विचारलं, "तुमच्या घरातल्या बाई सांगत असतील ना, कुठे लागतं ते?"

"रोज सांगायची."

"मग?"

मी पाणी प्यायलो. जुळवलेल्या शिव्या कुठे गेल्या कळलं नाही. बाह्या वर केल्या आणि माती मळायला बसलो. निघताना म्हटलं, "उद्या हिचा पाय बघून मगच ये. आणि श्राद्धाला हिला घेऊन यायचं, दोघांनी जेवायचं."

नवशा दुसऱ्या दिवशी आला. जमीन पुरी केली, टाइलला मात्र हात लावू दिला नाही. "आधी सुकू द्या." म्हणून श्राद्धाला पंगत उघड्या राखाडी जमिनीवर बसली. व्याही खबरदारी म्हणून जुनी पँट घालून आले होते. पण कुणाच्या पानातलं काही कुठे गेलं नाही. मी जमनाचं पान वाढलं आणि जरा वेळ तिथेच बसलो.

मंगली उंबऱ्यापाशी थांबली होती. एक पाऊल टाकलं, चाचपलं. दुसरं टाकलं. मग मधोमध उभीच राहिली.

"इथं जमीन काहीच सांगत नाय," ती म्हणाली.

सगळा आठवडा या जमिनीची फुशारकी मारणारा नवशा पुढे झाला. तिचा हात धरून तिला पानावर बसवलं आणि शेजारी बसला. तिचं बोट धरून पानावर फिरवायला लागला. "हे मीठ. हे लिंबू. ही चटणी, तिखट हाय. आता मधे ये, भात. इकडे भाजी." ती हसली आणि लिंबाकडे परत गेली, तसं त्याने पुन्हा मिठापासून सुरू केलं.

पंगत अर्धी जेवून झाली होती. नवशाच्या स्वतःच्या पानाला हात लागला नव्हता. मी खिरीचं पातेलं घेऊन त्याच्यापुढे वाकलो.

"जरा थांबा, तांडेल," तो म्हणाला. "आमी अजून खिरीपर्यंत पोचलो नाय."

मी पातेलं घेऊन तिथेच उभा राहिलो.