दांडगेमामांचे कोरडे पाय

पाऊस लागला की दांडगेमामा उतारावर पायडल सोडून देत आणि दोन्ही पाय उचलून सायकलीच्या हँडलवर ठेवत. पन्नाशी उलटलेला काटकुळा माणूस. डोक्यावर टोपी नाही, अंगात रेनकोट नाही, सदरा पाठीला चिकटलेला, नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळतंय आणि पाय मात्र नवरदेवासारखे मिरवत चाललेत. समोरून येणारे ट्रकवाले वेग कमी करून बघत.

"मामा, रेनकोट तरी घ्या," मी म्हणायचो.

"अंग भिजलं तर वाळतं. पाय वला झाला की माणूस खलास!"

चितेगावच्या एका लहानशा कारखान्यात ते मशीनवर होते आणि मी टाइम ऑफिसात कारकून. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कारखान्याला बस नव्हती. शहरातल्या क्रांती चौकातून आम्ही दोघं बरोबर निघायचो आणि पैठण रस्त्यानं दीडेक तास सायकल हाणायचो. उन्हाळाभर मामा चकार शब्द बोलत नसत. जून लागला की एकच विषय, पाय.

मी लागलो त्या वर्षी त्यांनी दुधाच्या पिशव्या पायांत चढवून वर रबरबँड लावले होते. पिशवी पायडलवरून सटकायची आणि पायडल उलटं फिरून नडगीवर बसायचं. महिनाभरात दोन्ही नडग्या सोलून निघाल्या. दुसऱ्या वर्षी गमबूट आणले. पावसाचं पाणी पँटीवरून ओघळून थेट बुटात. गेटवर मामांनी बूट उपडा केला तेव्हा वॉचमन म्हणाला, "मामा, तिकडं कुंडीत वता, झाड तरी जगंल." आम्ही सगळे हसलो. मामा रिकाम्या बुटात डोकावून बघत राहिले, जणू त्यानं विश्वासघात केला होता.

तिसऱ्या वर्षी ट्रकची जुनी ट्यूब घेऊन ते गुलमंडीजवळ जोडे शिवणाऱ्या एका चाचांकडं गेले. मी सोबत होतो. चाचांनी ट्यूब हातात घेतली, मामांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाँवाँ सुक्के रखना है तो घर में बैठो ना मामू. पानी किसकू छोड्या?"

"तुमी शिवा," मामा म्हणाले. "एवढं एकच राह्यलंय आता."

गुडघ्यापर्यंत काळी रबरी नळकांडी तयार झाली. ती घालून मामा बदकासारखे चालायचे. मात्र नंतर आठ दिवस पावसाचा पत्ता नाही. मामांना भरवसा नव्हता, म्हणून रोज भर उन्हात तीच घालून यायचे. कारखान्यात पोचून काढली की पाय घामानं चिंब.

"वरून नाय तर आतून," ते म्हणाले. "लई बेजार केलं हो ह्या पान्यानं."

नवव्या दिवशी पावसानं झोडपलं. एका वळणावर मामांची सायकल घसरली आणि ते बाजूच्या चरीत उताणे पडले. मी धावलो. चिखलात नुसतं धड, आणि दोन्ही पाय सरळ आभाळाकडं धरलेले.

"पाय बघा, पाय! भिजले का?"

मी एक नळकांडं ओढून काढलं. आतून भळाभळा पाणी आलं. मामांनी हळूहळू पाय खाली घेतले, चिखलातच टेकवले.

"नाय होत हो," ते म्हणाले. "काय बी करा, नाय होत."

दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आलेच नाहीत. उशिराचे शेरे आधीच बरेच होते. चौथ्या दिवशी मॅनेजरनं माझ्या हाती पत्र दिलं. उद्या हजर नसाल तर नाव कमी. संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो.

दार उघडंच होतं. मामा खाटेवर बसले होते. खाली वाटीत पायांना लावायला भिजवलेली मेंदी. बोटांच्या बेचक्या चिखल्यांनी पांढऱ्याफट्ट पडलेल्या, मधे लाल चिरा. पडल्यापासून कंबर वाकत नव्हती. मेंदी नडगीला लागली होती, खाटेच्या माचव्याला लागली होती, फरशीवर सांडली होती. बोटांपर्यंत काही पोचली नव्हती.

त्यांनी पत्र वाचलं आणि घडी घालून उशाखाली ठेवलं. "येतो उद्या."

"असले पाय घेऊन?"

"मंग काय करू?"

बाहेर पाऊस चालूच होता. पायांकडं बघत ते म्हणाले, "ही होती तव्हा चिखल्यांचं काय वाटत नव्हतं. रोज सांजच्याला मेंदी लावायची. तोंडाचा पट्टा चालू. ‘तळं खांदून आले का वो?’ म्हनायची. पर लावायची. ती गेली, तव्हा म्हनलं, आता पाय वलेच होऊ द्यायचे नाय. कुनाला सांगावं, लावून दे म्हनून?"

मी खाली बसलो आणि वाटी जवळ ओढली. मामांनी झटकन पाय वर घेतले.

"ओ, सायेब! पायाला हात लावता का?"

"मोठ्यांच्या पायाला हात लावायला काय हरकत आहे?"

त्यांनी एक पाय खाली सोडला, मग दुसरा. तोंड भिंतीकडं फिरवलं. मी एकेका बेचक्यात मेंदी भरत गेलो. करंगळीशी चीर खोल होती. तिथं बोट लागताच पाय थरथरला.

"दुखलं?"

"नाय," मामा भिंतीलाच म्हणाले. "तिथं... तिथं ती जरा फुंकायची."

मी वाकलो आणि फुंकर घातली.