पंधरा लाल टिकल्या

चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नाही, पण बाजार कळतो. बावीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतोय. त्यामुळे धाकट्या बहिणीच्या प्रदर्शनात तीन दिवसांत एकही चित्र खपलं नाही, तेव्हा मी तिला म्हणालो, "हे माझ्यावर सोड."

"दादा, तू नुसता दुपारी इथे बसत जा," ती म्हणाली. ती पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनचं काम करायची आणि तिची रजा संपली होती.

चित्रंही खोक्यांचीच. पुठ्ठे फाडायचे, रंगवायचे, चिकटवायचे. मला ती घाईत उघडलेल्या पार्सलांसारखी दिसायची. पण माल कसा आहे याला महत्त्व नसतं. दुसऱ्याने घेतलं की आपल्यालाही हवंसं वाटतं. विकलेल्या चित्राखाली लाल टिकली लावतात, त्या टेबलाच्या खणात होत्याच. मी स्टुलावर चढलो आणि सोळापैकी पंधरा चित्रांना टिकल्या लावल्या. एक मुद्दाम मोकळं ठेवलं. त्यासाठी आता झुंबड उडणार होती.

पहिलं जोडपं आलं. "हे एकच का राहिलं असेल?" बाईंनी विचारलं.

"काहीतरी खोट असणार," नवरा म्हणाला. दोघं गेली.

मग एक हॉटेलमालक आले. "खोल्यांसाठी पाच-सहा हवी होती. पण सगळी गेलेली दिसतात."

"फार मागणी आहे हो," मी बोलून गेलो. जीभ चावेपर्यंत ते कार्ड ठेवून बाहेर पडले होते.

तेवढ्यात बहीण लवकर सुटून आली. तिने भिंतीवरच्या टिकल्या मोजल्या, पंधरा. डोळे भरून आले तिचे. मी "अगं, ऐक" म्हणेपर्यंत तिने साहेबांना फोन लावला होता. "साहेब, मी नोकरी सोडतेय."

मग मी खरं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने फक्त हात पुढे केला. "कार्ड दे."

फोनवर तिने सगळं सरळ सांगून टाकलं. भावाचा उद्योग, एकही चित्र गेलेलं नाही, सगळं. पलीकडचं ऐकता ऐकता ती हसायला लागली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"ते समोरच चहा पितायत. येण्याआधी त्यांनी तुला काचेतून बघितलं होतं, स्टुलावर चढून टिकल्या लावताना. म्हणाले, तुमच्या भावाला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसलो."

ते परत आले आणि लिहिलेल्या किमतीला सहा चित्रं घेतली. बहिणीने राजीनामा मागे घेतला नाही.

हॉटेल तीन मजली आहे आणि लिफ्ट नाही. चित्रं वर कोणी वाहून नेली, हे मी वर्गात सांगत नाही.