इंगोले मास्तरांची खाट

इंगोले मास्तर कुठलीही जागा फुटांत मोजत नाहीत, खाटांत मोजतात. विद्यापीठाच्या सभागृहात ते पहिल्यांदा आले, तेव्हा बाकीचे सदस्य एकमेकांना नमस्कार करत होते आणि हे भिंतीकडे बघून ओठ हलवत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बावीस खाटांचं हाय. टेबल काढलं तं चोवीस."

खिशात सुतळी असते. पूर्ण सुतळी म्हणजे खाटेची लांबी, मधली गाठ म्हणजे रुंदी. कुलगुरूंचं दालन सहा खाटांचं, जुनी रेकॉर्ड रूम नऊ खाटांची. माझ्या बडनेऱ्याच्या भाड्याच्या घरी चहाला आले, तेव्हा बशी हातात घेण्याआधीच निकाल लागला, "साडेतीन. पन हवा चांगली येते."

मी सभा विभागात कारकून आहे. व्यवस्थापन परिषदेत मोठी माणसं बोलतात आणि मी इतिवृत्त लिहिते. अकोल्याकडच्या आमच्या घरातली पहिली पदवी माझी. ती चौकटीत घालून दारासमोरच लावली आहे. आल्यागेल्याला दिसावी म्हणूनच लावली आहे. मास्तर अचलपूरजवळच्या गावचे, निवृत्त मुख्याध्यापक, पदवीधरांमधून परिषदेवर निवडून आलेले. जागेचा विषय असला की बाकीचे नकाशा बघतात. मास्तर पहिल्या एसटीनं येऊन जागाच बघतात. "पाह्यल्याशिवाय आपला हात वर होत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा विषय होता, तर सत्तरीतला हा माणूस शिडीनं वर चढला आणि खाली येऊन म्हणाला, "आता करतो हात वर."

यंदा प्रवेशाच्या दिवसांतली सभा. विषय क्रमांक सात: मुलींच्या वसतिगृहामागचं उत्तरपत्रिकांचं रिकामं गोदाम शेजारच्या लग्नाच्या लॉनला भाडेपट्ट्यानं देणं. विषय क्रमांक आठ: पहिल्या मुदतीत हजर न झालेल्या सव्वीस मुलींचे प्रवेश रद्द करणं. सात मालमत्ता समितीकडून आलेला, आठ प्रवेश समितीकडून. कागदावर दोघं शेजारी बसले होते, पण एकमेकांशी ओळख नव्हती.

सातवर हात वर व्हायला लागले. मास्तर म्हणाले, "आधी आठ घ्या."

कुलगुरू हसून म्हणाले, "मास्तर, सातानंतरच आठ येतो."

"शाळेत मीच शिकोत होतो तो. पन या पोट्ट्या हजर काहून नाही झाल्या?"

प्रवेश समितीच्या सरांनी कागद चाळला. "वसतिगृह भरलंय. गावं लांबची आहेत, रोजचं येणं-जाणं जमत नाही."

"अन् वसतिगृहामागं काय हाय?"

सगळ्यांच्या नजरा परत विषय सातवर गेल्या. मी लिहायची थांबले. शिकत असताना मी तीन वर्षं मावशीच्या स्वयंपाकघरात, सिलिंडरशेजारी झोपले आहे. मावशी नसती तर माझंही नाव असल्याच एखाद्या विषयात असतं.

मास्तरांनी सुतळी काढली. "अठ्ठावीस खाटा बसतात. मी सकाऊनच मोजलं."

बांधकामाचे अभियंते म्हणाले, "सर, सुतळीवर ठराव होत नाही. प्रत्यक्ष मोजमाप लागतं."

"मंग प्रत्यक्षच मोजू," मास्तर म्हणाले. दोन्ही विषय गुरुवारच्या सभेवर गेले. प्रवेशाची शेवटची मुदत शुक्रवारची.

गुरुवारी मास्तर एसटीच्या टपावर लोखंडी खाट टाकून आले. हिरवा रंग, कोरी पांढरी नवार. गेटवरच्या शिपायानं विचारलं, "मास्तर, मुक्काम हाय का?"

"माहा नाही."

अख्खी परिषद गोदामाकडे निघाली. खाटेचं एक टोक विज्ञानाच्या अधिष्ठात्यांनी धरलं, दुसरं एका प्राचार्यांनी. खाट ठेवायची, मी खडूनं रेघ मारायची, खाट उचलायची. सुरुवातीला सगळे घड्याळ बघत होते. दहाव्या खाटेपर्यंत अधिष्ठात्यांनी कोट काढला. पंधराव्याला अभियंतेच म्हणाले, "थांबा, दाराजवळ एक उभी बसेल." मास्तरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं ढ मुलाचं गणित सुटल्यावर पाहतात.

अठ्ठावीसच बसल्या. "सव्वीस पोरींच्या," मास्तर म्हणाले, "अन् दोन खाटांच्या जागेत पान्याचा माठ अन् चपला."

तिथेच, धुळीत उभ्यानं, सगळे हात वर झाले. भाडेपट्टा रद्द, मुलींना आठवडाभराची मुदतवाढ, गोदामाला पंखे आणि जाळ्या. इतिवृत्तात मी 'खाटेने मोजणी केली' असं लिहिलं. कुलसचिवांनी खाट खोडून 'मोजमापाचे उपलब्ध साधन' असं केलं.

सगळे गेल्यावर मी मास्तरांना विचारलं, "खाट गाडीवर चढवायला माणूस बोलावू?"

"राहू दे इथंच," ते म्हणाले. मग त्याच खाटेच्या कडेवर बसले, अगदी टोकाला, मोडेल अशा भीतीनं.

"माही बहीण, कमल. अमरावतीले कॉलेजात नंबर लागला होता तिचा. हे खाट घेतली, टपावर टाकली, आलो दोघं. हॉस्टेलवाले म्हने, जागा नाही. त्याच गाडीनं वापस गेलो. ते बी अन् खाट बी."

"मग?"

"मंग काय, लगन झालं. आता नातवंडं हायेत तिले. ते विसरली असन. खाटीवर कोनी झोपलं नाही, पन रंग मी दरसाल देतो." त्यांनी सुतळीची गाठ बोटानं चाचपली. "तवापासून कुठं बी गेलो का पाह्यतो, कमलची खाट बसते का."

मी खडू पिशवीत टाकला.

पुढच्या आठवड्यात मुली आल्या. ट्रंका, बादल्या, सोबत आलेले बाप आणि भाऊ. संध्याकाळी मास्तरांचा फोन आला.

"कमलच्या खाटीवर कोन हाय?"

"दर्यापूरकडची आहे एक. वैष्णवी."

"काही म्हनत होती का?"

"म्हणत होती, कूस बदलली की खाट करकरते."



"करकरू दे," मास्तर म्हणाले. "वापरात आली म्हनजे करकरनच."